पंधरवड्यातून एकदा बाहेरचे जेवण: खिशाला परवडणारी जागा ओळखावी कशी आणि बिल वाटावे कसे?

सहांतली एक

नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण पूर्वी एकाच कार्यालयात होतो. आता प्रत्येकाची नोकरी वेगळी असली, तरी शहर एकच असल्यामुळे दर पंधरवड्याला शुक्रवारी संध्याकाळी कोठेतरी एकत्र जेवायचे, हा शिरस्ता आम्ही तीन वर्षे सांभाळला आहे. शहर एवढे पसरलेले आहे की कोणा एकाच्या घरी जमायचे म्हटले, तर उरलेल्या पाचांचा वेळ जाण्यायेण्यातच जातो. म्हणून मध्यवर्ती भागातले एखादे साधे रेस्टॉरंट किंवा पब गाठणे हेच सोयीचे पडते.

अडचण अशी की साधी म्हणून निवडलेली जागा बिल येईपर्यंतच साधी राहते. मेनू आधी फोनवर पाहून आम्ही मनाशी जो आकडा धरतो, त्याच्या जवळजवळ दीडपट बिल दर वेळी होते. बिलाची एकेक ओळ तपासली, तर चुकीचे काहीच सापडत नाही. सगळे आम्हीच मागवलेले असते.

बिलाचे सहा समान भाग करण्याची आमची जुनी रीत आहे. आमच्यापैकी दोघांची मिळकत चांगली आहे, तिघांची बेताची आहे आणि एक मित्र चार महिन्यांपासून नोकरीच्या शोधात आहे. मी आणि आणखी एक जण मद्य घेत नाही. मागच्या दोन शुक्रवारी तो मित्र डोके दुखत असल्याचे कळवून आला नाही आणि आम्हीही ते खरे मानले. नंतर दुसऱ्या एकाकडून कळले की डोकेदुखीचे कारण आमचे बिलच होते. तेव्हापासून मला फार ओशाळल्यासारखे झाले आहे, कारण ज्या जागा निवडल्या गेल्या त्यांपैकी अर्ध्या मीच सुचवल्या होत्या, आणि त्या केवळ पाचपैकी मिळालेल्या ताऱ्यांकडे पाहून.

माझे विचारणे असे आहे की ताऱ्यांवर विसंबून न राहता परवडणारी जागा दारातूनच ओळखण्याच्या काही खुणा असतात का, बिल नेमके कोठे फुगते, आणि असमान मिळकतीच्या मित्रांनी ते कोणालाही अवघडल्यासारखे न होता कसे वाटून घ्यावे. "भेटणेच बंद करा" किंवा "घरी स्वयंपाक करा" हा सल्ला कृपया देऊ नये. तो आम्ही एकमेकांना देऊन झाला आहे.

---

गल्ल्यावरचा

मी अकरा वर्षे मध्यम दर्जाच्या रेस्टॉरंटांमध्ये हिशेब आणि खरेदी सांभाळली आहे, त्यामुळे गल्ल्याच्या पलीकडून हे कसे दिसते ते थोडे सविस्तर लिहितो.

ताटातल्या पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारणपणे तीस टक्क्यांच्या आसपास असतो. जवळजवळ तेवढाच भाग आचारी, वेटर आणि भांडी घासणाऱ्यांच्या पगारात जातो. उरलेल्यातून जागेचे भाडे, वीज, इंधन, फुटलेली काच, वाया गेलेला माल आणि कर भागवायचे असतात, आणि एवढे करून चांगल्या वर्षीही हाती राहणारा नफा बहुतेक ठिकाणी एक आकडी टक्क्यांतच असतो. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजते ते अन्नाचे कमी आणि बसलेल्या खुर्चीचे अधिक. हे एकदा ध्यानात आले की परवडणारी जागा कोणती, या प्रश्नाचे उत्तर पदार्थांत न शोधता खुर्चीच्या खर्चात शोधावे लागते. ज्या मालकाला भाडे कमी पडते, ज्याच्या खुर्च्या लवकर लवकर रिकाम्या होऊन पुन्हा भरतात, किंवा ज्याचे स्वयंपाकघर थोडेच पदार्थ करत असल्यामुळे कमी माणसांत चालते, त्यालाच चांगले अन्न स्वस्तात देणे जमते. बाकीचे जे स्वस्त देतात, ते बहुधा मालात कपात करून देतात.

यावरून काही खुणा आपोआप निघतात. मोठ्या रस्त्याच्या दर्शनी भागापेक्षा त्यालाच लागून असलेल्या मागच्या गल्लीत, तळघरात किंवा पहिल्या मजल्यावर असलेल्या जागेचे भाडे कमी असते, आणि तिला वाटेने जाणारे गिऱ्हाईक आयते मिळत नसल्यामुळे पुन्हा येणाऱ्यावरच तग धरावा लागतो. याउलट स्थानकासमोरच्या किंवा प्रेक्षणीय स्थळाजवळच्या रेस्टॉरंटाला तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल अशी अपेक्षाच नसते. एका पानाचा मेनू हे माझ्या लेखी सर्वांत भरवशाचे चिन्ह आहे. ज्या मेनूत चार देशांचे दीडशे पदार्थ असतात, तेथे मोठा फ्रीझर असतो आणि दोन-तीन प्रकारचे तयार रस्से वेगवेगळ्या नावांनी ताटात येतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी ती गत असते. खिडकीतून आत पाहता आले तर टेबलांवर काय आहे ते जरूर पाहावे. निम्म्याहून अधिक टेबलांवर एकच पदार्थ दिसत असेल, तर तो ताजा असण्याची शक्यता मोठी असते, कारण तो भांड्यात तासन्‌तास पडून राहत नाही. शिजवलेले अन्न साठ अंश सेल्सियसच्या वर गरम किंवा पाच अंशांच्या खाली थंड ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. गर्दीच्या जागी खप मोठा असल्यामुळे ते पाळणे सोपे जाते, आणि रिकाम्या जागी मात्र त्यासाठी शिस्त लागते.

बिल कोठे फुगते, हा तुमचा दुसरा प्रश्न. १९८२ साली मिशिगन स्टेट विद्यापीठातील मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी मेनूतील पदार्थांचे खप आणि नफा या दोन कसोट्यांवर चार गट पाडले, आणि आजही व्यवसायात तीच भाषा बोलली जाते. खप मोठा आणि नफाही मोठा असलेले पदार्थ म्हणजे तारे. नफा भरपूर पण कोणी फारसे मागवत नाही, ती कोडी. दोन्ही बाजूंनी पडलेल्या पदार्थांना त्यांनी कुत्री म्हटले आहे, जे मला कुत्र्यांवर अन्याय करणारे वाटते. उरला तो खप प्रचंड पण नफा बेताचा असलेला गट. त्याचे मूळ नाव नांगराचे घोडे असे आहे, आपण त्याला औताचे बैल म्हणू. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हेच बैल सर्वांत किफायतशीर असतात. त्यांची किंमत सगळ्यांच्या लक्षात असल्यामुळे मालकाला ती सहजी वाढवता येत नाही, आणि नेहमीचे लोक त्यांच्यासाठीच येत असल्यामुळे मालातही कसूर करता येत नाही. वेटरला मात्र "आज काय चांगले आहे?" असे विचारले, तर पुष्कळदा त्याला खपवायला सांगितलेल्या कोड्यांपैकीच एखादे नाव पुढे येते. त्याऐवजी "रात्री सगळ्यांत आधी काय संपते?" असे विचारावे. या प्रश्नाला खोटे उत्तर द्यायचे कोणाला सुचत नाही.

खरा नफा मुख्य पदार्थात नसतो. तो पेयांत, बाटलीबंद पाण्यात, बसताक्षणी मागवलेल्या तळलेल्या पदार्थांत आणि शेवटच्या गोडात असतो. तुम्ही फोनवर मेनू पाहताना बहुधा मुख्य पदार्थांचीच बेरीज करता, आणि दीडपटीतला वरचा अर्धा भाग या चार गोष्टींतून येतो. त्यात कर आणि सेवाशुल्क छापील किमतीत धरलेले आहेत की वेगळे लागतात, हे मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते आधी वाचावे.

संकेतस्थळांवरच्या ताऱ्यांविषयी एवढेच सांगतो की हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील मायकेल लुका यांनी २०११ साली सिएटलमधील रेस्टॉरंटांचा अभ्यास केला, तेव्हा एका संकेतस्थळावरचा एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले, आणि हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांवर दिसला, साखळी दुकानांवर नाही. एका ताऱ्याला एवढी किंमत असेल, तर तो मिळवण्यासाठी काय काय केले जात असेल, याची कल्पना करावी. मी ताऱ्यांऐवजी तीन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचतो, कारण रागावलेला आणि भारावलेला असे दोघेही तपशील देत नाहीत.

शेवटची गोष्ट शुक्रवारची. शुक्रवारी संध्याकाळी कोणताही मालक सवलत देत नाही, कारण त्याला गरज नसते. भाडे मात्र मंगळवारीही तेवढेच असते, म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी आणि दुपारच्या वेळी ठरावीक जेवण कमी किमतीत मिळते. तेच स्वयंपाकघर, तोच आचारी, आणि तुमच्याकडे लक्ष द्यायला वेटरला सवडही असते.

---

रविवारची भूक

वरचे विवेचन उत्तम आहे, पण तुमचा खरा प्रश्न तिसरा आहे असे मला वाटते, म्हणून मी त्याविषयीच लिहिते.

समान वाटणीने बिल वाढते, हा केवळ संशय नाही. उरी ग्नीझी, अर्नन हारुवी आणि हदास याफे या अर्थशास्त्रज्ञांनी यासाठी एका रेस्टॉरंटात प्रत्यक्ष प्रयोग केला आणि तो २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी सहा-सहा जणांचे गट जेवायला बसवले. काही गटांत प्रत्येकाने आपापले पैसे द्यायचे होते, तर काही गटांत एकूण बिलाचे सहा समान भाग होणार होते. समान वाटणीच्या गटांतील लोकांनी सरासरी एक तृतीयांशाहून अधिक किमतीचे पदार्थ मागवले. विशेष म्हणजे आधी विचारले तेव्हा बहुसंख्य लोकांना आपापले पैसे देणेच पसंत होते. म्हणजे आपण नको असलेली पद्धत स्वीकारतो आणि मग तिच्यात नुकसान होऊ नये म्हणून जास्त मागवतो. सहाच्या गटात एखादा जास्तीचा पदार्थ मागवताना त्याच्या किमतीचा सहावा हिस्साच आपल्या खिशातून जातो, हे गणित कोणी मोठ्याने करत नाही, पण हात आपोआप त्याप्रमाणे चालतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की त्या प्रयोगातील माणसे एकमेकांना ओळखत नव्हती. मित्रांमध्ये माझ्या अनुभवाने वेगळेच घडते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो मोकळेपणाने मागवतो, आणि ज्याच्याकडे नाहीत तो आपल्यामुळे इतरांना भुर्दंड नको म्हणून फक्त सूप घेतो. पण शेवटी त्यालाही सहावा हिस्सा भरावाच लागतो. तुमच्या मित्राचे बहुधा हेच झाले असावे. त्याला तुम्ही सूप घेताना पाहिले आहे का, ते आठवून पाहा.

आमच्या गटात आम्ही दोन वर्षांपासून असे करतो. जे पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवून सगळे खातात, त्यांचे बिल समान वाटायचे. पेये आणि गोड मात्र टी.टी.एम.एम., म्हणजे तुझे तू आणि माझे मी. मद्य न घेणाऱ्यांचा भार यामुळे एकदम उतरतो. ही गोष्ट वेटरला बसताक्षणी सांगायची असते. पहिल्याच मिनिटाला "पेयांचे बिल वेगळे करा" असे म्हटले तर त्याला यंत्रावर दोन खाती उघडणे सोपे जाते, आणि आपल्यालाही ते सहज म्हणता येते. तेच वाक्य बिल टेबलावर आल्यानंतर उच्चारले, तर पाच माणसे फोन काढून बेरजा करू लागतात आणि न बोलता कोण किती प्यायले याचा जाहीर पंचनामा होतो.

ज्याची मिळकत जास्त आहे त्याने पूर्ण बिल भरावे, हा उदार सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो मानू नका. एकदा चालते, दुसऱ्यांदा जड जाते आणि तिसऱ्यांदा तुमचा मित्र पुन्हा डोकेदुखीकडे वळेल. चांगली मिळकत असलेल्या दोघांकडून दुसरीच एक मदत घ्यावी. स्वस्त जागेचा प्रस्ताव नेहमी त्यांच्यापैकी कोणीतरी मांडावा. "मला या वेळी जरा हात आखडता घ्यायचा आहे" हे वाक्य ज्याला परवडते त्याने म्हटले, की ज्याला परवडत नाही त्याला ते म्हणावेच लागत नाही. भीड ही भिकेची बहीण असे आपल्याकडे म्हणतातच; ती मोडायची जबाबदारी सर्वांत अडचणीत असलेल्यावर टाकू नये.

---

जुने गिऱ्हाईक

मला या चर्चेत थोडा वेगळा सूर लावायचा आहे. दर पंधरवड्याला नवी जागा शोधायची, मेनूचे पृथक्करण करायचे आणि वेटरला कोड्यात पकडायचे, एवढे श्रम कशासाठी? दोन जागा ठरवा आणि वर्षभर तेथेच जा. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर बिल किती होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असते, किती पदार्थ सहा जणांना पुरतात याचा अंदाज आलेला असतो, आणि टेबलावर उरलेले अन्न हा जो बिलातला सर्वांत निरर्थक भाग, तो नाहीसा होतो. मी एकाच ठिकाणी चौदा वर्षे जात आहे. तेथला वेटर मला आता "हे सहा जणांना जास्त होईल" असे स्वतःहून सांगतो. कोणत्याही संकेतस्थळाने मला हे आजवर सांगितलेले नाही.

---

गल्ल्यावरचा

जुने गिऱ्हाईक, तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि मालकालाही असाच माणूस हवा असतो. फक्त त्या दोन जागा निवडताना तरी माझ्या खुणा उपयोगी पडतील, एवढाच माझा दावा आहे.

---

अर्धा ग्लास

पबविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. मला पब मनापासून आवडतात, त्यामुळे पुढचे सगळे तक्रारीच्या सुरात वाचू नये.

पबमध्ये बिल फुगवणारी पहिली गोष्ट आवाज आहे. एत्येन लोम्बार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. सगळेच चढवतात, गोंगाट आणखी वाढतो आणि शेवटी बोलणे अशक्य होऊन माणसे हातातल्या ग्लासाकडे वळतात. निकोला गेगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फ्रान्समधील दोन बारमध्ये केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संगीताचा आवाज ७२ डेसिबलवरून ८८ डेसिबलवर नेला, तेव्हा बिअर पिणाऱ्या तरुणांचे सरासरी ग्लास २.६ वरून ३.४ झाले, आणि एक ग्लास संपवायला साडेचौदा मिनिटांऐवजी साडेअकरा मिनिटे लागू लागली. फोनवर आवाज मोजण्याची विनाशुल्क सोय मिळते. दारात उभे राहून ती सुरू करावी आणि आकडा ऐंशीच्या पुढे गेला तर सरळ पुढच्या पबकडे चालू लागावे. कठीण भिंती, उंच छत, उघडी फरशी आणि टेबलावर कापड नाही, अशी सजावट सध्या फार दिसते; ती स्वच्छ करायला सोपी आणि कानाला क्रूर असते. तुम्ही भेटता ते बोलण्यासाठी, त्यामुळे कोपऱ्यातले, भिंतीला गादी असलेले टेबल आधीच सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट मापांची. पाइंट म्हटले की सगळीकडे एकच माप असेल असे वाटते, पण ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा आणि अमेरिकी पाइंट ४७३ मिलिलिटरचा असतो, आणि अनेक ठिकाणी ग्लासावर कोणतेच चिन्ह नसते. दोन पबांच्या किमतींची तुलना करताना मिलिलिटर विचारल्याशिवाय तुलना करू नये. पाच टक्के अल्कोहोल असलेल्या ५६८ मिलिलिटर बिअरमध्ये २८.४ मिलिलिटर, म्हणजे सुमारे साडेबावीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. शरीर तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅमच निकाली काढू शकते, त्यामुळे एका पाइंटचा परिणाम दोन ते तीन तास टिकतो. यात बिलाशी संबंधित भाग असा की दुसऱ्या पाइंटनंतर किमती वाचण्याची इच्छा कोणालाच राहत नाही आणि तळलेल्या पदार्थांच्या प्लेटा एकामागून एक येऊ लागतात. जेवण आधी मागवावे आणि पहिले पेय जेवणाबरोबरच घ्यावे. पोटात अन्न असले की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरते, आणि निर्णयही शुद्धीत होतात.

हॅपी अवरविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पहिले दोन ग्लास सवलतीत मिळतात, मग घड्याळाचा काटा सरकतो आणि पुढचे तीन पूर्ण किमतीचे होतात. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ मध्ये आणि आयर्लंडने २००३ च्या कायद्याने अशा वेळमर्यादित सवलती बंद केल्या, त्या अर्थात गिऱ्हाइकाचा खिसा वाचवण्यासाठी नाहीत. लोक कमी वेळात जास्त पितात म्हणून. तुम्ही तिचा उपयोग करणारच असाल, तर सवलत संपण्याच्या वेळी उठायचे हे आधी ठरवून बसावे.

वाइन घेणाऱ्यांसाठी एक छोटी नोंद. यादीतील दुसऱ्या क्रमांकाची स्वस्त वाइन म्हणजे फसवणूक, कारण सर्वांत स्वस्त मागवायला लाजणाऱ्यांसाठी ती ठेवलेली असते, असे हमखास सांगितले जाते. २०२१ मध्ये लंडनमधील अडीचशेच्या आसपास रेस्टॉरंटांच्या याद्या तपासल्या गेल्या, तेव्हा तसे काही आढळले नाही. जास्तीत जास्त नफा यादीच्या मधल्या भागात निघाला. तेव्हा स्वस्त वाइन निःशंक मागवावी.

---

सहांतली एक

सर्वांचे आभार. "त्याला सूप घेताना पाहिले आहे का" या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले होते. पाहिले आहे, आणि तेही दोनदा. तेव्हा आम्ही त्याला पथ्यावरून चिडवले होते.

एक शंका राहिली. सेवाशुल्क बिलात लावलेले असताना वेगळी टिप द्यावी का? आमच्यात यावरून दर वेळी दोन तट पडतात, आणि मागच्या वेळी तर आम्ही दोन्ही दिले.

---

गल्ल्यावरचा

सेवाशुल्क आणि टिप यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे कायद्याबाबत सरसकट उत्तर देता येणार नाही. व्यवहारापुरते असे करावे की वेटरलाच शांतपणे विचारावे, "हे शुल्क तुमच्यापर्यंत पोहोचते का?" मी ज्या ठिकाणी काम केले त्यांपैकी एका ठिकाणी ते पूर्णपणे कर्मचाऱ्यांत वाटले जाई आणि स्वयंपाकघरालाही त्यात हिस्सा असे, दुसऱ्या ठिकाणी ते मालकाच्या गल्ल्यात जाऊन बसे आणि वेटरांना त्याचा पत्ताही नसे. पोहोचत असेल, तर वेगळी टिप देण्याची गरज नाही. पोहोचत नसेल आणि शुल्क ऐच्छिक असेल, तर ते काढून टाकायला सांगून तेवढीच रक्कम रोख हातात द्यावी. दोन्ही देणे हा तुमच्या मनाचा मोठेपणा झाला, पण सहाव्या मित्राचा विचार करता तो मोठेपणा त्याच्याही खिशातून जातो.

शिवाय एक करावे: टिप करापूर्वीच्या रकमेवर मोजावी. कराची रक्कम सरकारकडे जाते आणि तिच्यावर वेटरला बक्षिशी देण्याचे काही कारण नाही. पुष्कळ ठिकाणी यंत्रावर जी तयार टक्केवारी सुचवली जाते, ती करासकट एकूण रकमेवर काढलेली असते.

---

लिंबूपाणी

मद्य न घेणाऱ्यांच्या वतीने थोडेसे. पबमध्ये आमच्यासाठी जी रंगीत, छत्री लावलेली पेये असतात, त्यांची किंमत पुष्कळदा बिअरइतकीच असते आणि आत बर्फच अधिक असतो. नळाचे पिण्यायोग्य पाणी मागता येत असेल तर ते निःसंकोच मागावे. अनेक देशांत ते मोफत देणे बंधनकारकच आहे. मी पहिल्यांदा पाणी आणि जेवणानंतर एक कॉफी असे ठरवून ठेवले आहे. हातात काही नसले की इतर लोक आग्रह करतात, ही अडचण मात्र खरी आहे; त्यावर साध्या सोड्याचा ग्लास हा उपाय मला पुरतो, कारण काय आहे ते विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

---

सहांतली एक

काल भेट झाली, म्हणून कळवते. चांगल्या मिळकतीच्या दोघांपैकी एकाशी मी आधी बोलले होते. त्याने गटावर लिहिले की या महिन्यात त्याचा खर्च फार झाला आहे, तर शुक्रवारऐवजी बुधवारी आणि कोठेतरी साध्या जागी भेटू या. दहा मिनिटांच्या आत चौघांनी होकार दिला, आणि पाचवा होकार त्या मित्राचा होता.

मागच्या गल्लीतले, एका पानाच्या मेनूचे रेस्टॉरंट आम्ही निवडले. "सगळ्यांत आधी काय संपते?" हे विचारल्यावर वेटर हसला आणि मेनूच्या अगदी खालच्या ओळीवर त्याने बोट ठेवले. तो पदार्थ आम्ही तीन प्लेटा मागवून मध्ये ठेवला. पेयांचे खाते बसताक्षणी वेगळे केले, आणि ते मीच सांगितले, कारण मी पीत नसल्यामुळे माझ्या तोंडी ते स्वाभाविक वाटले. बिल मनातल्या आकड्याच्या आतच राहिले. फोनवरचा आवाज अडुसष्टच्या पुढे गेला नाही, त्यामुळे मित्राच्या मुलाखतींविषयी प्रथमच नीट बोलणे झाले; त्यांतली एक पुढच्या आठवड्यात आहे.

बुधवार मात्र सगळ्यांना मानवलेला नाही, कारण दोघांना दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जायचे असते आणि ते नऊलाच उठले. पुढच्या वेळी मंगळवार करून पाहणार आहोत.